अमेरिकेतलं कॉलेज तुमचा अर्ज कसा वाचतं आणि सांगली-साताऱ्यात बसून तो कसा भरायचा

बारावीनंतर बाहेर, म्हणजे अमेरिकेत, बीएस-बीए करायला जायचं डोक्यात असलेली पोरं आणि त्यांचे आईबाबा, दोघांसाठी लिहितोय. सांगली, मिरज, तासगाव, कराड, वाई, फलटण, कुठलेही असा. आपल्याकडं ॲडमिशन म्हटलं की डोळ्यासमोर येते मेरिट लिस्ट. सीईटीचं पर्सेंटाइल, कॅटेगरी, ऑप्शन फॉर्म, कॅप राउंड, झालं. वालचंदला कॉम्प्युटर कितीला क्लोज झालं ते अख्ख्या गल्लीला पाठ असतं. तिकडची जी कॉलेजं निवडून पोरं घेतात त्यांच्याकडं असली यादीच नाही. तिथं एक माणूस तुमचा अर्ज उघडतो, वाचतो, त्यावर शेरा लिहितो आणि मग चारपाच जण बसून ठरवतात. त्यामुळं "९४ टक्केवाल्याला नाही मिळालं आणि ८८ वालीला कसं मिळालं" असं आपल्याकडं जे आश्चर्य करतात ना, त्याला तिकडं काही अर्थ नाही.

आधी हा वाचणारा कोण ते बघू, कारण बाकीचं सगळं त्यावर आहे.

ॲडमिशन ऑफिसमधल्या लोकांना भूभाग वाटून दिलेला असतो. एकाकडं अमेरिकेतली दोनतीन राज्यं, दुसऱ्याकडं भारत-नेपाळ-श्रीलंका वगैरे आणि वर एखादं अमेरिकन राज्यसुद्धा. नोव्हेंबर ते मार्च हा त्यांचा वाचायचा सीझन, त्यात नुसतं वाचायला म्हणून तात्पुरती माणसंही घेतात. बहुतेक ठिकाणी स्लेट नावाचं सॉफ्टवेअर असतं, त्यात तुमची सगळी फाइल एका जागी दिसते, फॉर्म, निबंध, मार्कशीटं, शिक्षकांची पत्रं, तुमच्या ज्युनिअर कॉलेजनं भरलेला रिपोर्ट. पहिला वाचणारा ही फाइल दहापंधरा मिनिटांत वाचतो, कधी त्याहून कमी. पेनसिल्व्हेनिया युनिव्हर्सिटीनं सुरू केलेली आणि नंतर बऱ्याच कॉलेजांनी उचललेली पद्धत म्हणजे दोघांनी शेजारी बसून एकच फाइल एकदम वाचायची, एकजण मार्क आणि पत्रं बघतो, दुसरा निबंध आणि ॲक्टिव्हिटी, आणि तिथल्या तिथं बोलून ठरवतात की हा पुढं न्यायचा की नाही. यात वेळ अजूनच कमी लागतो. हार्वर्डला २०२४ च्या प्रवेशासाठी ५४ हजार अर्ज आले आणि घेतले १,९३७, आता एवढे अर्ज वाचायचे म्हटल्यावर कोण काय करणार.

शेरा कसा असतो, तर बहुतेक ठिकाणी काही आकडे आणि दोनतीन वाक्यं. प्रवेश देताना वंश बघतात यावरनं हार्वर्डवर जो खटला चालला, ज्याचे साक्षीपुरावे २०१८ ला झाले आणि तिकडच्या सुप्रीम कोर्टाचा निकाल जून २०२३ ला लागला, त्यात त्यांचे आतले कागद बाहेर आले. अभ्यास, अभ्यासाबाहेरचं काम, खेळ आणि स्वभाव-व्यक्तिमत्त्व यांना वेगवेगळे नंबर, १ म्हणजे सगळ्यात भारी, ६ म्हणजे खालचं, आणि मध्ये अधिक-उणेची चिन्हं. शिक्षकांच्या पत्रांनाही वेगळा नंबर. सगळीकडं हेच माप आहे असं नाही पण धाटणी साधारण अशीच. लक्षात घ्यायचं ते हे की शेवटी कमिटीसमोर जाते ती तुमची अख्खी फाइल नाही, त्या वाचणाऱ्याची ती दोनतीन वाक्यं जातात. तुमचा अर्ज वाचून त्याला ती वाक्यं सुचली पाहिजेत. "हुशार, मेहनती, सगळ्यात भाग घेतो" एवढंच सुचलं तर संपलं, कारण तसलेच शंभर त्या दिवशी वाचून झालेत.

आता मुद्द्याचं. हा माणूस तुमचे मार्क एकटे बघत नाही, तुमच्या कॉलेजात काय मिळत होतं आणि त्यातनं तुम्ही काय केलं हे बघतो. जतच्या माळावर टँकरनं बाग जगवणाऱ्याचे एकरी टन आणि कृष्णाकाठच्या पलूसवाल्याचे एकरी टन एका कागदावर मांडून आपण कधी तुलना करत नाही, पाणी किती होतं ते आधी विचारतो, हा माणूस तेच विचारतोय. पुण्या-मुंबईच्या मोठ्या इंटरनॅशनल स्कूलला हे उत्तर द्यायला पगारी काउन्सेलर असतो, तो दरवर्षी पोरं पाठवतो, वाचणाऱ्याला त्या शाळेचं नाव बघितल्यावरच अंदाज येतो. विट्याच्या नाहीतर कोरेगावच्या ज्युनिअर कॉलेजातनं एखादाच अर्ज जातो, तोही पहिल्यांदा. वाचणाऱ्याला काहीच माहीत नाही. एचएससी बोर्ड म्हणजे काय, ८५ टक्के म्हणजे भारी की बरे, कॉलेजात डिबेट क्लब का नाही, काही म्हणजे काही नाही. आणि माहीत नसलं की तो काही फोन करून विचारत बसत नाही, पुढच्या फाइलकडं जातो. म्हणजे हे सगळं त्याला सांगायची जबाबदारी आपल्यावर येते आणि आपल्याकडच्या अर्जांत नेमकं हेच नसतं. पोरं निबंधावर तीन महिने घालवतात आणि कॉलेजच्या कागदांना तीन दिवस, माझ्या मते हे बरोबर उलटं पाहिजे.

कॉलेजचे कागद

कॉमन ॲप म्हणून एक वेबसाइट आहे, हजाराच्या वर कॉलेजांना तिथनं अर्ज जातो, जास्तीत जास्त २० कॉलेजं टाकता येतात. तिथं तुम्हाला एक काउन्सेलर दाखवावा लागतो. आपल्याकडं काउन्सेलर नसतो, तर प्रिन्सिपल किंवा व्हाइस प्रिन्सिपल सर चालतात, वर्गशिक्षकही चालतात. चुलते, क्लासवाले, एजंट यांना त्या जागी बसवू नका. सरांच्या ईमेलवर लिंक जाते, ती शंभरातल्या नव्वद वेळा स्पॅममध्ये पडते, त्यामुळं सरांच्या समोर बसून उघडून घ्या. कॉलेजच्या नावाचा ईमेल असला तर तोच द्या, नसला तर जीमेल चालतो पण मग लेटरहेडवर तोच ईमेल छापलेला असू दे म्हणजे तिकडं शंका येत नाही.

त्यांना नववी ते बारावी अशा चार वर्षांचे मार्क लागतात. इथंच पहिली बोंब होते. नववी-दहावी हायस्कूलला, अकरावी-बारावी दुसऱ्याच कॉलेजला, आणि नववीचं प्रगतिपुस्तक आईनं कुठं ठेवलंय ते आईलाही आठवत नाही. हायस्कूलच्या ऑफिसात जाऊन भाऊसाहेबांना भेटा, नववीचा निकाल रजिस्टरला असतोच, त्यावरनं लेटरहेडवर विषयवार मार्क, जावक क्रमांक, तारीख, मुख्याध्यापकांची सही आणि गोल शिक्का एवढं घ्या. हे काम दिवाळीच्या सुट्टीआधी उरका, सुट्टीत ऑफिस बंद आणि लवकरच्या अर्जाची १ नोव्हेंबरची डेडलाइन डोक्यावर असं दरवर्षी कुणाचं ना कुणाचं होतंच. मार्क आहेत तसे टाकायचे, १०० पैकी असतील तर १०० पैकी. नेटवरचा कॅल्क्युलेटर लावून स्वतःच चार पैकी जीपीए, म्हणजे तिकडची ग्रेडची सरासरी, काढून टाकू नका, त्यांना त्याची गरज नाही आणि आकडा जुळला नाही की वाचणाऱ्याच्या मनात पाल चुकचुकते.

आणि स्कूल प्रोफाइल, म्हणजे तुमच्या कॉलेजची ओळख सांगणारा कागद. एक पान, फार तर दोन. आपल्या बहुतेक ज्युनिअर कॉलेजांकडं ते नसतंच कारण कधी कुणी मागितलेलंच नाही. तेव्हा सरांना म्हणा, "सर, कच्चं मी टाइप करून आणतो, तुम्ही तपासून आकडे भरा आणि सही करा." बहुतेक सर हो म्हणतात, त्यांच्या डोक्यावरचं ओझंच कमी होतं. त्यात काय लिहायचं ते नीट सांगतो कारण नेटवर मिळणारे सगळे नमुने अमेरिकन शाळांचे आहेत, ते आपल्याला बसत नाहीत. कॉलेज कुठं आहे, गाव केवढं, पोरं कुठनं येतात, एसटीनं किती लांबनं. किती पोरं सायन्सला, शिकवायचं माध्यम कुठलं, आणि दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकून अकरावीत अचानक इंग्रजीत आलेली किती. बोर्ड महाराष्ट्र राज्य मंडळ, बारावीला ६०० मार्क, फिजिक्स-केमिस्ट्रीला ७० लेखी आणि ३० प्रॅक्टिकल, मॅथ्सला ८० आणि २०. ७५ च्या वर डिस्टिंक्शन, ६० च्या वर फर्स्ट क्लास. बोर्डानं मेरिट लिस्ट कधीच बंद केली त्यामुळं रँक द्यायची तर कॉलेजनंच द्यायची. मग सगळ्यात कामाची ओळ, गेल्या दोनतीन वर्षांत किती पोरं बारावीला बसली, त्यातली ९० च्या वर किती, ८० ते ९० मध्ये किती, ७० ते ८० मध्ये किती. ही ओळ असली की तुमचे ८६ म्हणजे काय ते वाचणाऱ्याला एका क्षणात कळतं. समजा दोनशे पोरांत ८५ च्या वर पाचच असतील तर तुमचे ८६ त्याला पंच्याण्णवसारखे दिसतील, आणि ही ओळ नसली तर ते त्याला बी ग्रेड वाटायची शक्यता जास्त.

दहावीचंही तिथंच एका वाक्यात सांगून टाका. बेस्ट ऑफ फाइव्ह असतं, चित्रकलेच्या ग्रेड परीक्षेचे, खेळाचे, लोककलेचे जादा मार्क मिळतात, म्हणून टक्केवारी फुगते. नाहीतर दहावीला ९६ आणि बारावीला ८४ बघून तो म्हणणार पोरगं घसरलं. घसरलं नाही, परीक्षाच वेगळी आहे, पण हे त्याला कोण सांगणार?

ॲडव्हान्स्ड कोर्सेस, आयबी, एपी (हे बाहेरच्या बोर्डांचे वरच्या पातळीचे कोर्स) असलं काही आमच्याकडं नाही, हे स्पष्ट लिहा. जे कॉलेजात नव्हतंच ते तुम्ही घेतलं नाही म्हणून तुमचे मार्क कापत नाहीत. पण नव्हतं हे कळायला तर पाहिजे.

एक अडचणीची गोष्ट, इंटिग्रेटेड. नाव एका कॉलेजात आणि दिवसभर पोरगं क्लासला, हे आपल्याकडं सर्रास आहे, कुणाला दोष देत नाही. पण मग कॉलेजातले सर तुम्हाला चेहऱ्यानं ओळखत नाहीत आणि पत्र मात्र त्यांचं लागतं. यावर उपाय एकच, अकरावीपासून निदान प्रॅक्टिकलला तरी जात राहा, दोन शिक्षकांना प्रश्न विचारत राहा. क्लासच्या सरांचं पत्र जास्तीचं म्हणून लावता येतं, बऱ्याच कॉलेजांच्या फॉर्मला ती जागा असते, पण ते कॉलेजच्या शिक्षकाच्या पत्राच्या जागी चालत नाही.

पत्रं

आपल्याकडं पत्र म्हणजे कॅरेक्टर सर्टिफिकेट. "कुमार अमुक हा आमच्या महाविद्यालयाचा नियमित विद्यार्थी असून त्याची वर्तणूक चांगली आहे, त्यास उज्ज्वल भवितव्यासाठी शुभेच्छा." त्याचंच इंग्रजी करून पाठवतात, सिन्सिअर, ओबिडियंट, रेग्युलर. वाचणाऱ्याला यातनं शून्य मिळतं, उलट वाटतं की या शिक्षकाला हा पोरगा माहीतच नाही. त्याला हवंय ते असं की वर्गात हा नेमकं काय करतो. लेन्सच्या प्रॅक्टिकलला सगळ्यांनी मागच्या वर्षीच्या जर्नलमधलं रीडिंग उतरवलं, हिनं तीनदा काढलं, चुकतंय म्हणून सरांशी वाद घातला आणि शेवटी लेन्सवर छापलेलं फोकल लेंथच चूक निघालं, असलं काहीतरी. एक प्रसंग पुरतो. सरांना तो आठवेलच असं नाही, तेव्हा त्यांना एक कागद द्या, त्यात तुमच्या वर्गातल्या तीनचार गोष्टी मराठीत लिहा, म्हणजे त्यांना आठवण होईल. पत्र मात्र त्यांनीच लिहायचं. इंग्रजीत अवघडल्यासारखं होत असेल तर त्यांनी मराठीत लिहावं, कॉलेजातल्या इंग्रजीच्या मॅडमनी भाषांतर करून सही-शिक्का करावा आणि दोन्ही कागद जोडून अपलोड करावेत. मोडक्या पण खऱ्या इंग्रजीतलं पत्र चालतं, इंग्रजीचे मार्क तुमच्या सरांना द्यायचे नाहीयेत त्यांना. एजंटनं लिहिलेली पत्रं तर त्या भूभागाचा वाचणारा लांबनं ओळखतो, कारण वीस पोरांच्या वीस शिक्षकांची भाषा सारखी कशी असेल?

फॉर्ममध्ये पत्र वाचायचा हक्क सोडताय का असा एक टिक असतो. सोडा. सोडला की वाचणारा पत्रावर जास्त विश्वास ठेवतो.

ॲक्टिव्हिटी

दहा जागा, एकेकीला दीडशे अक्षरं, म्हणजे मोबाइलवरचा एक जुना एसएमएस. शिवाय आठवड्याला किती तास, वर्षाला किती आठवडे. इथं आपली पोरं गडबडतात, म्हणतात सर आमच्याकडं काहीच नाही, ना ऑलिंपियाड ना एनजीओ. मग घाईघाईनं कुठल्यातरी ऑनलाइन इंटर्नशिपचं सर्टिफिकेट विकत घेतात. अरे बाबांनो, त्या फॉर्ममध्ये घरची जबाबदारी असा चक्क वेगळा प्रकार आहे, नोकरी-धंदा असाही आहे. तासगावच्या बागायतदाराच्या पोरीनं "वडिलांना शेतीत मदत करते" असं लिहिलं तर वाया गेलं. तेच तिनं असं लिहिलं तर बघा: "२ एकर द्राक्षबाग. ऑक्टोबर छाटणी ते काढणी फवारणीची वही ठेवते, डाऊनी-भुरीच्या नोंदी, औषधांचा हिशोब, ८ मजुरांची हजेरी. पाऊस बघून फवारणीची वेळ ठरवते." आठवड्याला ९ तास, वर्षाला २४ आठवडे. यातनं वाचणाऱ्याला जबाबदारी दिसली, आकडेमोड दिसली, निर्णय दिसला, आणि असली फाइल त्यानं त्या आठवड्यात दुसरी वाचलेली नसणार. मिरजेत सतारमेकरांच्या घरातला पोरगा असेल, घरच्या दुकानात भोपळा घासायला बसत असेल, तर ती ॲक्टिव्हिटी पहिल्या नंबरला टाकायची, दहाव्या नाही. भावाला शाळेत सोडणं, आजीचं डायलिसिस, दुकानाचं जीएसटीचं बघणं, माण-खटावला पाणलोटाच्या कामात श्रमदान, हे सगळं चालतं, फक्त नेमकं लिहा आणि तास खरे टाका. वाचणारे तासांची बेरीज करतात हो. बारावी सायन्स, क्लास आणि वर आठवड्याला ७० तासांच्या ॲक्टिव्हिटी असं दिसलं की बाकीच्यावरचाही विश्वास जातो.

बक्षिसांचं तसंच. "तालुकास्तरीय विज्ञान प्रदर्शनात दुसरा" म्हणजे तिकडच्या माणसाला काही कळत नाही, किती शाळांतनं ते लिहा. राज्यनाट्यला काम केलं, एकांकिकेची प्रकाशयोजना केली, तर सांगलीत याला काय महत्त्व आहे ते आपल्याला ठाऊक, त्याला चार शब्दांत सांगावं लागतं.

निबंध

२५० ते ६५० शब्द. यावर नेटवर ढिगानं लिहिलंय म्हणून मी थोडक्यात आटपतो. पुरावर लिहू का असं सांगलीतलं जवळजवळ प्रत्येक पोरगं विचारतं. २०१९ ला इर्विन पुलाशी पाणी ५७ फुटांवर गेलं होतं, गावंच्या गावं पाण्यात, विषय मोठा आहे यात वाद नाही. पण तुम्ही तेव्हा लहान होता, निबंध वाचून कळतं ते पुराबद्दल, तुमच्याबद्दल काहीच नाही. त्या पुरानंतर तुम्ही काही वेगळं करायला लागला असाल, घरातले कागद वर माळ्यावर ठेवायची पद्धत लावली असेल, पाणलेव्हलचे आकडे रोज वहीत उतरवत असाल, तर लिहा, त्या वहीबद्दल लिहा. वाचणारा विषयाला मार्क देत नाही, पोरगं कसा विचार करतं ते बघतो. साध्या विषयावरचा निबंध, रोजच्या एसटी प्रवासावरचा, चांगला असला तर उचलला जातो.

इंग्रजी तुमचंच असू दे. ड्युओलिंगोच्या ऑनलाइन इंग्रजी परीक्षेत तुमचा लिहिलेला आणि बोललेला नमुना थेट कॉलेजला जातो, तो एका थाटाचा आणि निबंध भलत्याच थाटाचा असला की समोरासमोर ठेवून बघायला त्यांना दोन मिनिटं लागतात. चॅटबॉटकडनं लिहून घेतलेला निबंध आपला म्हणून देणं कॉमन ॲपच्या नियमात फसवणुकीत धरतात. व्याकरण तपासून घ्या, चुलतभावाला वाचायला द्या, पण त्याला लिहायला लावू नका.

जास्तीची माहिती म्हणून ३०० शब्दांची वेगळी जागा असते, तिथं दुसरा निबंध ठोकू नका. कोरड्या गोष्टींसाठी ती जागा आहे. अकरावीत मार्क का पडले, कॉलेज का बदललं, लॅब का बंद होती, चार ओळीत, रडगाणं न गाता.

सॅट, म्हणजे तिकडच्या प्रवेशासाठीची इंग्रजी-गणिताची परीक्षा, द्यायची का? बऱ्याच कॉलेजांत ऐच्छिक आहे, एमआयटीनं २०२२ ला परत सक्तीची केली, डार्टमथनं २०२४ ला टेस्टचा नियम परत आणला, आणि आणताना त्यांचं म्हणणं असं होतं की साध्या शाळांतली पोरं चांगला स्कोअरसुद्धा कमी समजून लपवतात, खरं तर तो त्यांच्या शाळेच्या मानानं बघितला असता आणि उपयोगी पडला असता. आपल्यासारख्यांना हे तंतोतंत लागू आहे. कॉलेजचं नाव अनोळखी असलं की सॅट हे वाचणाऱ्याच्या ओळखीचं एकमेव माप राहतं. चांगली मिळाली तर पाठवाच. कॅलिफोर्निया युनिव्हर्सिटीची, म्हणजे बर्कली, यूसीएलए वगैरे, गोष्ट निराळी, तिथं सॅट बघतच नाहीत, साधारणपणे पत्रंही मागत नाहीत, त्यांचा फॉर्म वेगळा, ३५० शब्दांची चार उत्तरं. एकट्या यूसीएलएला वर्षाला १ लाख ४५ हजारांच्या वर अर्ज येतात. तिथं पत्रांतनं कॉलेजबद्दल सांगायची सोय नाही, जे सांगायचं ते त्या चार उत्तरांत आणि जास्तीच्या माहितीत.

माजी विद्यार्थ्यांचा ऑनलाइन इंटरव्ह्यू आला तर द्या, नाही आला तर झोप उडवून घेऊ नका, त्याचं वजन कमीच असतं.

कमिटी आणि पैसा

पहिल्या-दुसऱ्या वाचणाऱ्यानंतर फाइल कमिटीत जाते. तुमच्या भूभागाचा माणूस मिनिटदोन मिनिटं तुमच्या बाजूनं बोलतो, बाकीचे प्रश्न विचारतात, हात वर होतात. इथं तुमच्या हातात नसलेल्या गोष्टी सुरू होतात. कॉलेजला यंदा वाद्यवृंदाला माणूस पाहिजे असतो, एखाद्या विभागात पोरं कमी असतात, देणगीदाराचं पोरगं असतं, खेळाडू असतात. सगळ्यात शेवटी वर्ग किती मोठा झाला ते मोजतात आणि घेतलेल्यांपैकी काही परत काढतात. तेव्हा नाही आलं म्हणजे तुमच्यात खोट होती असं धरून बसू नका, आणि शेजारच्यांना खुलासा देत तर मुळीच बसू नका.

परदेशी पोरांच्या बाबतीत पैसा हा थेट निर्णयाचा भाग असतो. खासगी कॉलेजात राहणं-खाणं धरून वर्षाला ८०-९० हजार डॉलर होतात. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, ॲम्हर्स्ट, डार्टमथ, बोडन अशी थोडीच कॉलेजं आहेत जी परदेशी पोरांनी मदत मागितली का हे न बघता निर्णय करतात आणि घेतलं तर लागेल तेवढी मदत देतात. बाकी बहुतेक ठिकाणी मदत मागितली की चाळण बारीक होते. मागायचीच नाही असं नाही, नाहीतर भरणार कुठनं, पण कॉलेजांची यादी हे बघून करा. अर्ली डिसिजन म्हणजे मिळालं तर जायचंच असा शब्द देणं, मदतीचा अंदाज न काढता तिथं सही करू नका.

मदतीसाठी सीएसएस प्रोफाइल नावाचा फॉर्म बऱ्याच ठिकाणी लागतो. तो सगळा अमेरिकन पगारदाराला धरून बनवलाय. आपल्याकडं शेतीवर इन्कम टॅक्स नाही, रिटर्न नाही, मग ते विचारतात कागद कुठं. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, सातबारा, सोसायटीच्या कर्जाचा उतारा, कारखान्याची ऊसबिलं किंवा बेदाण्याच्या पट्ट्या, यांची भाषांतरं आणि सोबत एक पान खुलासा, की एवढी जमीन, यंदा एवढं आलं, खर्च एवढा, कर्ज एवढं. आता उत्पन्नाचा दाखला आपल्याकडं कसा निघतो ते सगळ्यांना माहीत आहे, त्यावर ६० हजार आणि बँकेच्या स्टेटमेंटला १२ लाखांची उलाढाल, असं एकाच फाइलमध्ये गेलं तर मदत सोडा, अर्जच संशयात. खरा आकडा टाका आणि कर्ज लपवू नका, कर्ज तुमच्या बाजूनं बोलतं.

अर्ज गेल्यावर

प्रत्येक कॉलेज एक पोर्टल देतं, तिथं काय पोचलं काय नाही याची यादी असते, आठवड्यातनं एकदा बघा. पत्र पोचलं नाही असं लाल दिसलं तर घाबरू नका, सरांना परत पाठवायला सांगा, डेडलाइननंतर काही दिवस तुमच्या ज्युनिअर कॉलेजकडनं येणारे कागद चालतात. जानेवारी-फेब्रुवारीत मिड-इयर रिपोर्ट म्हणून एक कागद लागतो, त्यात सहामाहीचे आणि प्रिलियमचे मार्क जातात. आपल्या पोरांना सवय, प्रिलियमला काय एवढं, बोर्डाला बघू. इथं ते चालत नाही, बोर्डाचा निकाल मेमध्ये आणि कॉलेजांचा निर्णय मार्चअखेर, म्हणजे वाचणाऱ्याच्या हातात बारावीचं म्हणून जे काही असतं ते तुमची प्रिलियमच. कॉलेजात प्रिलियम मुद्दाम कडक तपासत असतील तर सरांनी तसं एक वाक्य रिपोर्टात लिहावं, की आमच्याकडं प्रिलियमपेक्षा बोर्डाला साधारण एवढे वाढतात.

प्रवेश मिळाला तरी बोर्डाचे मार्क कळवावे लागतात, फारच पडले तर प्रवेश काढून घेऊ शकतात. फायनल रिपोर्ट प्रिन्सिपल सरांनीच अपलोड करायचा असतो आणि निकाल लागतो तेव्हा कॉलेजला उन्हाळ्याची सुट्टी, सर गावी, शिक्का कपाटात, कपाटाची किल्ली भाऊसाहेबांकडं. म्हणून एप्रिलमध्येच सरांचा मोबाइल नंबर, लॉगिन आठवतंय का ते, आणि शिक्का कुणाकडं असेल ते विचारून ठेवा.